फोटो स्कॅनला चार स्टार, 'एन्हान्स'ला भोपळा, आणि विमान सापडलं बोगमाळोला

आधीच सांगून टाकतो, दुकानाचं नाव लिहिणार नाही. फोंड्यात जुने फोटो नीट स्कॅन करून देणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यात पोरगा वागायला चांगला आहे आणि उद्या पासपोर्ट फोटोसाठी मला त्याच्याकडेच जायचंय. पण जे झालं ते लिहायलाच हवं, कारण घरोघरी असे फोटो पडलेत आणि लोक 'जरा साफ करून दे रे' म्हणून ते देऊन मोकळे होतायत.

फोटो आमच्या आजीच्या कपाटातला. काळ्या कागदाचा अल्बम, कोपऱ्यांना ते छोटे त्रिकोण चिकटवलेले, गोव्याच्या पावसाने अर्ध्या पानांना बुरशी. हा एक मात्र बरा राहिलाय. सव्वादोन इंचाचा चौकोनी, पांढऱ्या बॉर्डरचा, त्या काळात अॅग्फा क्लिक थ्री टाइप कॅमेऱ्यातून निघायचे ना तसला, निगेटिव्हएवढाच प्रिंट. त्यात आजोबा पांढऱ्या शर्टात, आजी बाळ घेऊन, बाजूला अर्ध्या चड्डीतली दोन पोरं, एकाचं तोंड उघडं आणि दुसरा भलतीकडे बघतोय. आणि मागे विमान. अख्खं नाही, नाक आणि पंख आणि शेपटीकडचा थोडा भाग, मधलं सगळं आजोबांनी झाकलंय. मागच्या बाजूला पेन्सिलीने फक्त 'दाबोळी', म्हणजे गोव्याचं विमानतळ. साल नाही, काही नाही.

आता आमच्या घरात या फोटोची एक स्टोरी आहे आणि ती मोठ्या काकांच्या मालकीची आहे. काकांचा जन्म १९६० चा, नोव्हेंबरचा. त्यांचं म्हणणं, मांडीवरचं बाळ म्हणजे ते स्वतः, विमान पोर्तुगीजांचं, लढाऊ, आणि आजोबा कोणा ओळखीच्याला कराचीच्या विमानात बसवायला दाबोळीला गेले होते तेव्हाचा हा फोटो. ती दोन पोरं कोण? तर मामाची. चतुर्थीला, दिवाळीला, कोणी पाहुणा आला की हे सगळं परत. 'हें पोर्तुगेजांचें विमान मरे, लिबरेशनाच्या आदलें!' (म्हणजे १९६१ च्या गोवामुक्तीच्या आधीचं) असं म्हणून बोटाने टिचकी मारायची त्या फोटोवर, म्हणूनच एक कोपरा मऊ झालाय त्याचा. आम्ही कोणी कधी प्रश्न विचारला नाही. काकांना कोण विचारणार.

या वर्षी आत्याच्या साठीचं निमित्त. (आत्या १९६६ ची, काकांची धाकटी बहीण, मधे आमचे बाबा १९६३ चे.) ठरलं की जुने फोटो मोठे करून लावायचे, काम माझ्यावर. गेलो दुकानात.

स्कॅनिंगबद्दल तक्रार नाही, खरं सांगायचं तर खूश झालो. पोरग्याने फोटो अल्बममधून ओढून काढला नाही, मला म्हणाला असू दे पानासकट, ओढला तर फाटेल. काच पुसली, मऊ ब्रशने धूळ काढली, १२०० डीपीआयला स्कॅन केला. एवढ्याशा फोटोला १२०० कशाला असं मला वाटलं होतं पण हिशोब सोपा आहे, सव्वादोन इंच गुणिले १२०० म्हणजे २७०० पिक्सेल एका बाजूला, आणि ३०० ला केला असता तर पावणेसातशेच्या आसपास, म्हणजे मोबाईलवर झूम केलं की चिखल. फाईल टिफमध्ये दिली, पेनड्राइव्हवर. एका फोटोचे ६० रुपये. इथपर्यंत पाच स्टार द्यायला तयार होतो, एक कापला तो दुकानात उभं राहायला जागा नाही म्हणून आणि फॅन त्याच्याच डोक्यावर आहे म्हणून.

मग तो म्हणाला, 'दादा, एन्हान्स करूया? कलर पण येतो. साडेतीनशे.' मी म्हटलं कर. माझीच चूक.

दोन दिवसांनी व्हॉट्सअॅपवर आला फोटो. पहिल्या नजरेला एकदम झकास, आजीची साडी गुलाबी, आकाश निळं, आजोबांचे केस असे की काल सलूनमधून आलेत. फॅमिली ग्रुपवर टाकला, हार्टांचा पाऊस. मग काकीने लिहिलं, 'बाळाला दात कसे?' झूम केलं तर खरंच, चार-पाच महिन्यांच्या बाळाला वरचे-खालचे दात, पूर्ण सेट, टूथपेस्टच्या जाहिरातीसारखे. मग मी विमानाकडे बघितलं. मूळ फोटोत पंखावर एक गोल चिन्ह आहे, काळ्या-पांढऱ्या फोटोत केशरी काय आणि हिरवा काय, दोन्ही करडेच दिसणार, तर या एआय महाशयांनी त्याच्या मध्यभागी लालभडक ठिपका दिला होता. म्हणजे आमचे आजोबा दाबोळीला जपानी विमानासमोर उभे. पंख्याची चार पाती होती त्यांची तीन केली. पंखाच्या पुढच्या कडेला एक फुगवटा होता त्याला पण पंखा लावून दुसरं इंजिन केलं. आणि पंखाचं टोक वर दुमडलेलं होतं, ते त्याला समजलंच नाही, त्याचा माड करून टाकला. झावळ्यांसकट. मी विमानाच्या मागे एवढा मोठा माड कधी बघितला नव्हता म्हणून तर मी मूळ स्कॅन उघडला, नाहीतर कळलंही नसतं.

पोरग्याला फोन केला तर तो म्हणतो, 'ते सॉफ्टवेअर करतं दादा, आम्ही काय हाताने नाही करत.' बरोबरच आहे त्याचं. पण मग साडेतीनशे कसले? आणि गंमत म्हणजे हा रंगीत फोटो इंटरनेटवर विमान ओळखायला टाकला असता तर जगातल्या कुठल्याच विमानाशी जुळला नसता, कारण तसं विमान बनलेलंच नाही. आणि ज्या चार-पाच गोष्टींवरून ओळखता आलं असतं नेमक्या त्याच त्याने 'दुरुस्त' केल्या होत्या. चेहऱ्याचं ठीक आहे हो, आजी कशी दिसते ते आम्हाला माहीत आहे, पण विमानाचं कोणाला माहीत होतं?

मग एका रविवारी दुपारी साधा स्कॅन लॅपटॉपवर मोठा करून बसलो. आणि खरंच, त्या करड्या फोटोत सगळं होतं. एकच इंजिन, नाकात, चार पाती. विमान जमिनीला समांतर उभं, म्हणजे पुढे नाकाखाली चाक आहे. जुन्या दुसऱ्या महायुद्धाच्या पठडीतल्या बऱ्याच विमानांचं शेपटीखाली चाक असतं म्हणून ती नाक वर करून बसल्यासारखी दिसतात, हे तसं नव्हतं. पंख दुमडलेला, आणि पंख दुमडायची गरज कोणाला? जहाजावर जागा कमी असते त्यांना. आणि शेपटीकडे, आजोबांच्या कोपराच्या वर, पुसट दोन अक्षरं, इंग्रजी, आय आणि एन, पुढे दोनचा आकडा आणि मग आजोबांचा हात.

आय एन म्हणजे इंडियन नेव्ही, हे कळायला मला विमानातलं काही कळायची गरज नव्हती. आपल्या एअर फोर्सच्या विमानांचे नंबर वेगळ्या अक्षरांचे, आणि पोर्तुगीज हिंदुस्थानातल्या प्रवासी विमानांची नोंदणी सीआर-आय ने सुरू व्हायची. तेवढ्यावरच काकांची स्टोरी लंगडायला लागली होती पण मी गप्प बसलो, कारण काकांसमोर लंगडी गोष्ट नेऊन चालत नाही, पुरावा लागतो. म्हणून बोगमाळो.

नेव्हल एव्हिएशन म्युझियम. गोव्यात राहून मी एकदाही गेलो नव्हतो, शाळेच्या ट्रिपला ताप आला होता. १९९८ ला सुरू झालेलं आहे, दाबोळीच्या एअरपोर्टजवळून बोगमाळो बीचला जाणाऱ्या रस्त्यावर. फोंड्याहून स्कूटर काढली, बोरीचा पूल, लोटली, वेर्णा करत. सोमवारी बंद असतं एवढं लक्षात ठेवा. तिकीट किरकोळ. आणि याला मी डोळे झाकून पाच स्टार देतो, कारण फोटोत जे सपाट दिसतं त्याच्या भोवती तुम्ही इथे फिरू शकता. वाकून खालून बघू शकता. हे कुठल्या वेबसाइटवर होत नाही.

बाहेर मोकळ्यावर विमानं मांडलीत, समुद्राचा वारा थेट. सगळ्यात आधी डोळ्यात भरतं ते सुपर कॉन्स्टेलेशन, चार इंजिनं, पाठीला बाक आणि शेपटीला तीन उभे पंख. एअर इंडियाकडे असताना त्यांच्या या विमानांना 'राणी' अमुक आणि 'राणी' तमुक अशी नावं असायची, नंतर एअर फोर्सकडे, मग नेव्हीकडे. मी तिथे जरा जास्त वेळ थांबलो कारण काकांच्या गोष्टीत जो काही खरेपणा आहे तो इथे आहे. १८ डिसेंबर १९६१ ला सकाळी आपल्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीची धावपट्टी फोडली, तेव्हा तिथे दोनच विमानं उभी होती, पोर्तुगालच्या टॅप कंपनीचं असंच एक सुपर कॉन्स्टेलेशन आणि पोर्तुगीज हिंदुस्थानच्या इथल्या टीएआयपी विमान कंपनीचं एक डीसी-४. दोन्ही प्रवासी. रात्री धावपट्टीचा थोडा भाग जमेल तसा नीट करून अंधारात दोन्ही उडाली आणि कराचीला गेली. आणि लढाऊ विमान पोर्तुगीजांकडे गोव्यात एकही नव्हतं. एकही. म्हणजे काकांचं 'पोर्तुगेजांचें लढाऊ' तिथेच बाद.

मग एकेक करत गेलो, मोबाईलवर स्कॅन उघडा ठेवून. सीहॉक, सुंदर विमान आहे, पंख दुमडतात, विक्रांत या विमानवाहू जहाजावरचंच, पण ते जेट, पंखा नाही, हवा आत घ्यायची तोंडं पंखाच्या मुळाशी. बाद. फायरफ्लाय, पंखा आहे, नाकात एक इंजिन आहे, पण शेपटीखाली चाक, नाक आकाशाकडे. बाद. सीलँड, ते तर पाण्यावर उतरणारं, नेव्हीने १९५३ मध्ये विमानं उडवायला सुरुवात केली ती यांच्यापासून, पण इंजिनं दोन. व्हॅम्पायर, डव्ह, बाद, बाद. मग अलिझे समोर आलं आणि मी थांबलो.

चार पाती. नाकाखाली चाक. पंख दुमडणारे. आणि पंखाच्या पुढच्या कडेला ते फुगवटे, दोन, दोन्हीकडे एकेक, ज्याला एआयने इंजिन समजून पंखा लावला होता. ते कशासाठी ते मला कळेना तेवढ्यात मागून आवाज आला. एक सत्तरीचे गृहस्थ, नातवाला घेऊन आलेले, कपाळावर टोपी, माझ्या मोबाईलमध्ये डोकावत. मालवणकडचे, नेव्हीत इलेक्ट्रिकलला होते, रिटायर होऊन वर्षं झाली. मी म्हटलं घरचे म्हणतात हे पोर्तुगीजांचं. त्यांनी फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि हसले, 'अरे झिला, ह्यां पोर्तुगीजांचां खंयचां, ह्यो आमचो अलिझे!'

आणि मग अर्धा तास. नातू कंटाळून कुल्फी मागायला लागला तरी यांचं चालूच. फुगवट्यात चाकं आत जातात. पोटाखाली एक रडारचा डबा असायचा, उडाल्यावर खाली सोडायचा आणि उतरताना परत आत घ्यायचा, ते खालून वाकून दाखवलं मला. आत तीन माणसं बसायची. काम पाणबुड्या शोधायचं. बनावट फ्रान्सची, ब्रेगे कंपनीची, पण इंजिन इंग्रजांचं, रोल्स-रॉइसचं डार्ट. तेच इंजिन आपल्या अॅव्रोला, तेच फोकर फ्रेंडशिपला, त्यामुळे ज्यांनी ती विमानं ऐकलीयत त्यांना त्या शिट्टीसारख्या आवाजाची ओळख आहे, ते तोंडाने काढून पण दाखवला त्यांनी, सिक्युरिटीवाला वळून बघायला लागला. अलिझे म्हणजे फ्रेंचमध्ये व्यापारी वारे, हे मला आतल्या गॅलरीत जायच्या आधीच समजलं होतं. गॅलरीत विक्रांत, विराट, टॉर्पेडो, युनिफॉर्म सगळं आहे, जा आणि बघा, मी घाईत फिरलो कारण माझ्या डोक्यात आता बाळ होतं.

कारण हिशोब असा होतो. विक्रांत नेव्हीत दाखल झाली ४ मार्च १९६१ ला, बेलफास्टला. मुंबईला आली नोव्हेंबर १९६१ मध्ये. अलिझे तिच्यासाठीच घेतलेली. गोवा डिसेंबरपर्यंत पोर्तुगीजांकडे, तर तोपर्यंत इंडियन नेव्हीचं विमान दाबोळीला उभं राहून फॅमिली फोटो काढणं म्हणजे काहीतरीच. पुढे नेव्हीचा आयएनएस हंसा हा तळ कोइंबतूरजवळच्या सुलूरहून दाबोळीला आला १९६४ मध्ये. आणि आमचे आजोबा लिबरेशननंतरच तिथे स्टोअरमध्ये सिव्हिलियन म्हणून लागले, शनिवारी घरी यायचे, हे तर सगळ्यांना माहीत आहे, फक्त कोणी या फोटोला जोडून बघितलं नव्हतं. म्हणजे फोटो १९६४ नंतरचा. तेव्हा काका चार वर्षांचे किंवा त्याहून मोठे. चार वर्षांचा मुलगा मांडीवर असा चार-पाच महिन्यांच्या बाळासारखा मावतो का?

म्हणजे बाळ आत्या. भलतीकडे बघणारा आमचे बाबा, वय तीन. आणि ज्याचं तोंड उघडं आहे तो...

घरी येऊन आधी आजीकडे गेलो. आजी आता शहाऐंशीची, ऐकू कमी येतं पण डोकं ठणठणीत. टॅबवर मोठा करून दाखवला. विमानाचं तिला काही पडलेलं नाही, 'ऊन होतं, आणि ही साडी माझी नाही, शेजारच्या वहिनीची,' एवढंच. बाळ कोण विचारलं तर माझ्याकडे अशी बघायला लागली की याला वेड लागलंय. 'चेडूं तें. कानात बघ ना.' चेडूं म्हणजे मुलगी. बघितलं. बाळाच्या कानात बारीक रिंगा, मूळ स्कॅनमध्ये स्पष्ट. साठ वर्षांत कोणी आजीला विचारलंच नव्हतं! (एन्हान्सवाल्या फोटोत कानच गुळगुळीत झालाय, सांगायची गरज नाही.) आणि वर हेही, की लिबरेशनच्या वेळचं काका जे सांगतात ना 'मला बोरीचा पूल उडवल्याचा आवाज आठवतो', तर आजी म्हणाली अख्खा वाडा जागा झाला होता आणि हा एकटा झोपून होता.

काकांना मी एकट्यात सांगणार होतो. पण आत्याच्या कानावर गेलं आणि मग काय, ग्रुपवरच. काका दोन दिवस गप्प. मग मेसेज आला, 'अलिझे आसूं येता. पूण पोर्तुगेजांनी सोडून गेलेलें आसतलें.' त्यावर मी काही लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी स्वतः घरी आले, चष्मा पुसून स्कॅन बघितला, बराच वेळ, विमान नाही, तो तोंड उघडा पोरगा. म्हणाले, 'ही चड्डी मला आठवते. बटण नव्हतं हिला. म्हणून तर हात असा धरलाय.' झूम केलं तर खरंच हात तसा धरलाय.

दुकानात परत गेलो. पोरग्याला सगळं दाखवलं, अलिझेचा म्युझियममधला फोटो पण. तो मनापासून खजील झाला, साडेतीनशेतले दोनशे परत दिले, मी शंभर घेतले. आता साध्या स्कॅनवरूनच फक्त धूळ आणि ओरखडे हाताने काढून दे म्हटलं, चेहरे आणि विमान हात न लावता, काळा-पांढराच, मॅट पेपरवर बारा बाय बारा. तुम्ही करत असाल तर तेवढं आधी ठणकावून सांगा, आणि मूळ टिफ फाईल मागून घ्याच, व्हॉट्सअॅपवर पाठवलीत तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवली की तो दाबून टाकतो आणि ती दोन पुसट अक्षरं पहिली जातात. प्रिंट उत्तम आली. तोंडही तितकंच उघडं आलंय.

साठीच्या दिवशी आत्याच्या घरात दर्शनी भिंतीवर लागला. फ्रेमचे नऊशे झाले, भावंडांत तिघांत वाटून घ्यायचे ठरलं होतं. आत्याचे आले, बाबांचे आले.